स्वारगेटखालची नदी

स्वारगेटला नदी दिसत नाही. जेधे चौकात एसटीच्या आणि पीएमपीच्या गाड्या दिसतात, उड्डाणपूल दिसतो, सातारा रस्त्याची आणि शंकरशेठ रस्त्याची वर्दळ दिसते, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचा जिना दिसतो. मुठेचे पात्र इथून बरेच पश्चिमेला आहे. मग मुळा-मुठेचे पाणी, तिच्याखालचा खडक आणि तिच्यातले जीव यांच्या नोंदींची प्रस्तावना नदीकाठावरून सुरू न करता या चौकातून का करायची? कारण याच परिसरात नदी तीन वाटांनी येते आणि तिन्ही वाटांवर ती आपल्याला ओळखू येत नाही. कात्रजच्या डोंगरातून उतरलेला आंबील ओढा पर्वतीच्या पायथ्याने दांडेकर पुलाकडे जातो. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा शहराच्या याच दक्षिण अंगाने हडपसरकडे आणि तिथून पुढे इंदापूरकडे जातो. आणि पायाखाली, बेसाल्टच्या भेगांत, पावसाचे मुरलेले पाणी सावकाश पात्राकडे सरकत असते. पाणी एकाच नदीचे, पण त्याच्या वह्या निरनिराळ्या. ओढा महापालिकेच्या वहीत, कालवा जलसंपदा खात्याच्या, भूजल भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या, पाण्याची गुणवत्ता प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, पाऊस शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या, आणि मासे महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांच्या वहीत. प्रत्येक वहीतला आकडा आपापल्या जागी खरा असू शकतो. पण तो एकटा असेल तर अर्धाच असतो, आणि अर्ध्या आकड्यावर घेतलेला निर्णय चुकला की त्याची किंमत काठावरची माणसे मोजतात. या प्रस्तावनेत मला एवढेच पटवून द्यायचे आहे: या वह्या एकमेकींशेजारी उघडून वाचल्याखेरीज नदी कळत नाही.

सुरुवात आंबील ओढ्यापासून करू, कारण पुण्याने हाताळलेला हा सगळ्यात जुना प्रवाह. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तळे बांधून तिथले पाणी उच्छ्वास ठेवलेल्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. त्याच काळात गावातून वाहणारा ओढा अडवून पर्वतीखाली तळे केले आणि ओढ्याची वाट पश्चिमेकडे वळवली. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तळ्यातल्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. तळे विसाव्या शतकात गेले, तिथे सारसबाग आली, आणि गणपती मात्र अजून ‘तळ्यातला’च म्हणवतो. भाषेने जपलेली ही नोंदसुद्धा जलविज्ञानाची नोंद आहे: इथे पाणी साचते, इथला उतार पाण्याला ओळखतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज-धनकवडीच्या बाजूला पाऊस कोसळला आणि आंबील ओढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलाच्या वस्त्यांत शिरला. त्या रात्रीच्या पावसाने शहरात आणि जिल्ह्यात मिळून विसाहून अधिक माणसे गेली. हे पाणी कोणत्याही धरणाने सोडलेले नव्हते, त्यामुळे धरणाच्या विसर्गाचे आकडे पाहून त्याची चाहूल लागणेच शक्य नव्हते. छोट्या ओढ्याचा पूर काही तासांत येतो आणि जातो. दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदला तर त्यात तो हरवतो. तिथे पंधरा-पंधरा मिनिटांचा पाऊस लागतो, तोही डोंगरावरचा, आणि सोबत ओढ्यात रोवलेली पातळीची पट्टी.

धरणाच्या आकड्याचेही तसेच. पावसाळ्यात पुण्याच्या घराघरांत ‘क्युसेक’ हा शब्द ऐकू येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीही नाही. म्हणजे शहराच्या अगदी डोक्यावर असलेले धरण सगळ्यात लहान, आणि वरच्या धरणांतून व मधल्या पाणलोटातून आलेले पाणी ते फार वेळ धरून ठेवू शकत नाही. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५,००० क्युसेक, म्हणजे सेकंदाला जवळपास हजार घनमीटर पाणी सुटत होते आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरले. त्यानंतर चर्चा विसर्गाच्या आकड्याभोवतीच फिरली. पण विसर्ग धरणाच्या दारात मोजला जातो आणि पूर काठावर येतो. या दोन जागांच्या मध्ये ओढे-नाले नदीला मिळतात, पुलांचे खांब आहेत, भरावाने अरुंद झालेले पात्र आहे. त्याच विसर्गाला एखाद्या ठिकाणी पाणी किती चढेल, हे त्या ठिकाणचा पात्राचा छेद सांगतो, धरणाचे दार नाही. म्हणून या पानांत जिथे जिथे प्रवाहाचा आकडा येईल तिथे वाचकाने तीन गोष्टी विचाराव्यात: कुठला, कधीचा, आणि त्या वेळी वाटेत आणखी काय येऊन मिळत होते?

आता पाण्याच्या गुणवत्तेकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, आणि त्यांत मुळाही होती, मुठाही. ही यादी बीओडी या एका मापावर उभी आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली सडणारी घाण फस्त करायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. आपल्याकडे त्यासाठी नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवतात आणि आधीच्या व नंतरच्या प्राणवायूतला फरक काढतात. हे काम हाताने कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. तीनशे मिलिलिटरची, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, अशी की आत बुडबुडा राहू नये, कारण एक बुडबुडासुद्धा हवेतला प्राणवायू आत नेतो. नदीकाठीच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. तो नसेल तर साका पांढराच राहतो. प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच, काठावर उभ्या असलेल्या माणसाला नदी जिवंत आहे की नाही हे त्या रंगावरून कळलेले असते. पुढे सल्फ्युरिक आम्ल घातले की साका विरघळून पाणी पिवळे होते, पिष्टमय द्रव घातला की निळे होते, आणि थायोसल्फेट थेंबथेंब सोडत निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे थांबायचे. द्रावण नेमक्या ताकदीचे आणि नमुना दोनशे मिलिलिटर असेल, तर जितके मिलिलिटर द्रावण लागले तितके मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरमागे. पुण्याच्या उंचीवर, २५ अंशाला, स्वच्छ पाण्यात हा आकडा पावणेआठच्या आसपास असायला हवा. आंघोळीच्या पाण्यासाठी तो निदान ५ हवा, आणि बीओडी ३ च्या आत.

बीओडीचा हा आकडा मला अतिशय मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याची मर्यादा सांगणे गरजेचे आहे. समजा नदीत सेकंदाला एक घनमीटर पाणी वाहते आहे आणि त्याचा बीओडी ३० आहे. म्हणजे दिवसाला सुमारे २,६०० किलो प्राणवायूची मागणी त्या पाण्याबरोबर पुढे जाते. आता वरून स्वच्छ पाणी सोडले आणि प्रवाह दहापट झाला, तर बीओडी ३ च्या आसपास येईल. कागदावर नदी आंघोळीच्या लायकीची झाली, पण घाण एका ग्रॅमनेही कमी झालेली नाही. ती तितकीच पुढे उजनीकडे निघाली आहे, जिथून सोलापूर पाणी उचलते. ऑगस्टमधले चांगले आकडे आणि एप्रिलमधले वाईट आकडे यांचा अर्थ प्रवाहाशिवाय लागत नाही. तरीही बहुतेक तक्त्यांत बीओडीच्या रकान्याशेजारी प्रवाहाचा रकाना नसतो, कारण नमुना घेणारे खाते वेगळे आणि प्रवाह मोजणारे वेगळे. वेळेचेही असेच आहे. जलपर्णी आणि शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू चढतो आणि पहाटे तळाला जातो. नमुना कार्यालयीन वेळेत घेतला जातो, मासे मात्र पहाटे मरतात. आणि ज्या आकड्यावर सगळ्यात मोठा खर्च ठरतो, तो तर बऱ्याचदा मोजलेलाही नसतो. शहराचे सांडपाणी किती, हे काढण्याची रूढ रीत म्हणजे पुरवलेल्या पाण्याचे ऐंशी टक्के धरणे. टँकरने आणि बोअरवेलने मिळवलेले पाणीही शेवटी त्याच गटारात जाते. ते धरले नाही तर हिशेब पहिल्या पायरीलाच चुकतो.

इथे गाडी खडकाकडे वळते, कारण बोअरवेलचे पाणी खडक देतो. पुण्याखालचा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर. विहीर खणणाऱ्या माणसांना या थरांचे व्याकरण भूशास्त्रज्ञांच्या आधी ठाऊक होते: वर मुरूम, मग कधी मांजऱ्या, मग काळा कातळ, मध्येच एखादा तांबडा थर. मांजऱ्या म्हणजे लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या नंतर पांढऱ्या खनिजांनी भरल्या गेलेला खडक. वाघोलीच्या खाणींतून जगभरच्या संग्रहालयांत गेलेले निळे कॅव्हनसाइट अशाच पोकळ्यांतले. पण पाण्याच्या दृष्टीने खरी गोष्ट भेगांची आणि झिजलेल्या थरांची. भूजलाच्या सरकारी अंदाजात झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टची पाणी सोडण्याची क्षमता साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एक घनमीटर पाणी भरलेला खडक उपसला तर हाती येणार वीस लिटर, एक हंडा. अशा खडकात पाण्याचा साठा नेहमी उथळ आणि तुटक असतो. पावसाळ्यानंतर तो झिरपून ओढ्यांना आणि नदीला मिळतो, आणि उन्हाळ्यात नदीत स्वतःचे म्हणावे असे पाणी असलेच तर ते हेच. बोअरवेल वाढल्या, इमारतींच्या तळघरांसाठी खोल खड्डे खणून त्यांतले पाणी पंपाने गटारात सोडले, की नदीचा हा झरा आटतो. पण त्याची नोंद नदीच्या कुठल्याच तक्त्यात पडत नाही, कारण ते ‘भूजल’ आहे. पुण्यातल्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेने शहराखालच्या जलधरांचा अभ्यास करून हा दुवा समोर आणला आहे. मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी, पुलांसाठी, उंच इमारतींसाठी जमिनीत वेधछिद्रे घ्यावीच लागतात आणि प्रत्येक छिद्रातून खडकाच्या कांड्या मीटरवारीने बाहेर येतात. स्वारगेटपासून मुठेच्या तळाखालून पलीकडे जाणाऱ्या बोगद्याइतका सलग भूशास्त्रीय छेद या शहराला पूर्वी कधी मिळालेला नव्हता. अशा कांड्यांच्या नोंदी कंत्राटाच्या फायलीत न राहता भूजलाच्या अभ्यासकाच्या टेबलावर आल्या, तर स्वारगेटखालून पाणी कुठल्या थरातून कुठे जाते याचा नकाशा निघेल.

यावर एक शंका हमखास येते. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी घेतलेली मोजमापे एकत्र ठेवली तर गोंधळच वाढेल, जुन्या नोंदी विश्वासार्ह नसतात, मग त्यांचा भार कशाला? शंका गंभीर आहे, आणि तिचे उत्तर मुळा-मुठा ज्या भीमेला मिळते तिच्याच खोऱ्यात आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी इथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच्या जवळ अश्मयुगीन हत्यारे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा पाठपुरावा केला. १९८९ मध्ये या राखेचे वय सुमारे चौदा लाख वर्षे निघाले. १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीने सुमारे पावणेसात लाख. आणि राखेची रासायनिक ओळख पटवणाऱ्यांनी म्हटले, ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीची राख. चौदा लाख आणि पंचाहत्तर हजार यांत अठरा-एकोणीस पटींचे अंतर. पण म्हणून बोरीची नोंद कोणी फेकून दिली नाही. उलट वाद पुढे सरकू शकला, कारण राख कुठल्या काठावर, कुठल्या थराच्या वर आणि कुठल्या थराच्या खाली होती, हे लिहिलेले होते. दुसरा माणूस त्याच जागी जाऊन पुन्हा नमुना घेऊ शकला. आकडा चुकला तरी चालते, पत्ता चुकता कामा नये. जुन्या नोंदी टाकून द्यायच्या की ठेवायच्या याची कसोटी मी हीच मानतो.

आणि या कसोटीवर सगळ्यात खणखणीत उतरणारी नोंद रसायनशास्त्राची नाही, माशांची आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरले. त्यांनी १८३५ मध्ये दख्खनच्या हवामानावर आणि १८३६ मध्ये इथल्या भूरचनेवर लिहिले, आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. हवा, खडक आणि मासे, तिन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून. हे काम करवसुली करणाऱ्या राज्याच्या सोयीसाठी होते यात शंका नाही, पण एक गोष्ट त्यांनी फार नीट केली: मासा ज्या नदीत मिळाला ती नदी लिहिली आणि बऱ्याचदा काठावरची माणसे त्याला जे म्हणत तेच नाव शास्त्राला दिले. म्हणून आज जगभर ज्याला टॉर खुद्री म्हणतात त्या महसीर माशाची मूळ जागा पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरची मुळा-मुठा आहे. म्हणून इंद्रायणीत चाकणजवळ मिळालेल्या, नाकाशी खाच असलेल्या माशाच्या शास्त्रीय नावात ‘नुक्ता’ म्हणजे आपला ‘नकटा’ आहे, आणि ‘मुल्या’, ‘शिंगटी’, ‘फुलंगी’ हे शब्दही लॅटिन वेषात तसेच उभे आहेत. पुढे फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी केली, १९६३ मध्ये टोणपी आणि मुल्हेरकर यांनी, २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा आणि मुठेची. त्याच वर्षी खरात, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या माशांत दीर्घकाळात झालेले बदल मांडले. प्राणवायूची मोजणी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून, एकशे साठहून अधिक वर्षांची ही मालिका आहे. स्वच्छ, धावत्या पाण्यात दगडांना चिकटून राहणारे मासे हटत जातात आणि टिलापियासारखे बाहेरून आणलेले, मळके पाणी सोसणारे मासे वाढत जातात, हे तिच्यातून दिसते. बाटलीतला नमुना त्या क्षणाची साक्ष देतो. मासा मात्र त्या पाण्यात वर्षभर राहिलेला असतो, पहाटेच्या प्राणवायूसकट.

पत्ता सोडून दिलेल्या माहितीने काय होते, हेही याच खुद्रीने दाखवले. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून या माशाची पैदास झाली. दख्खनमध्ये तो दुर्मीळ होत चालला होता आणि केंद्राचे काम कौतुकाचे होते. पण त्याची पिल्ले दूरच्या नद्यांतही गेली, कावेरीतही. तिथे स्वतःचा, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. बाहेरून आलेला खुद्री तिथे पसरला आणि कावेरीचा महसीर आज नाहीसा होण्याच्या काठावर आहे. ‘महसीर वाचवला पाहिजे’ हे खरे, पण कुठला आणि कुठे, हे दोन शब्द गाळले की खऱ्याचेच नुकसान होते. किड्यांची साक्षही अशीच वाचावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा, केशवनगर, खराडीच्या बाजूला नदीवर किड्यांचे उंच खांब फिरताना दिसले आणि सगळीकडे ‘डासांचे वादळ’ म्हणून चित्रफिती फिरल्या. असे खांब बहुधा कायरोनोमिड या न चावणाऱ्या किड्यांचे असतात. त्यांच्या लाल अळ्या प्राणवायू नसलेल्या गाळात जगतात, कारण त्यांच्या शरीरात प्राणवायू धरून ठेवणारे रक्तद्रव्य असते. औषध फवारून डास मारायचा प्रश्न नव्हता तो. नदीचा तळ काय झाला आहे, याची ती जाहीर नोंद होती.

आता सगळ्यात मोठा आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. आकडे पुरेसे झाले, आता काम करा, असे नदीवर प्रेम करणारी माणसेच म्हणतात. नदी मेलेली आहे हे डोळ्यांना आणि नाकाला कळते, त्यासाठी आणखी तक्ते कशाला? या अधीरतेचा मला आदर आहे. पण काम सुरू झालेलेच आहे, आणि ते आकड्यांवरच उभे आहे. जपानच्या मदतीने ९९० कोटी रुपयांची मुळा-मुठा प्रदूषण निर्मूलन योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. तीत दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर जादा सांडपाणी शुद्ध करण्याची तरतूद होती. सांडपाण्याचा मूळ अंदाजच कमी असेल, तर सगळी केंद्रे पूर्ण क्षमतेने चालूनही नदीत घाण जात राहील आणि दोष यंत्रांवर येईल. नदीकाठ सुधारणेचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. त्यावरचा एक मोठा वाद पूररेषांचा आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ लोक शंभर वर्षे निश्चिंती असा घेतात. खरे तर तो दरवर्षी एक टक्का धोका आहे, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी अधिक भरते. शिवाय ती रेषा काढायची कुठल्या नोंदींवरून? १२ जुलै १९६१ चा पूर पानशेत फुटून आला, पावसाने थेट आलेला नव्हता. तो मालिकेत धरला तर रेषा एक, वगळला तर दुसरी. चार धरणे झाल्यानंतरची नदी आणि त्याआधीची नदी एकाच मालिकेत बसत नाहीत. वरच्या मुळेचे तर बरेच पाणी मुळशी धरणातून घाट उतरून भिऱ्याच्या वीजघराकडे, कोकणात जाते. असे निवाडे करणारी माणसे अभियंते असोत की नगरसेवक की न्यायाधीश, त्यांच्यासमोर आकडा त्याच्या जन्मकथेसह यायला हवा. काम थांबवा असे मी म्हणत नाही. कामाबरोबर मोजणी चालू ठेवा, म्हणजे काम चुकले तर पुढच्या पावसाळ्याआधी कळेल, असे म्हणतो.

दुसरे काही लोक म्हणतात, ही नदी आता नैसर्गिक राहिलेलीच नाही. वर धरणे, मध्ये शहर, मुंढव्याला जॅकवेलने पाणी उचलून बेबी कालव्यात टाकायचे. साइक्सच्या काळची नदी काही परत येणार नाही, मग तिचे मासे मोजून काय साधणार? परत येणार नाही हे मान्य. पण १८३९ ची यादी परतीचा पत्ता म्हणून वापरायची नसते. ती या खोऱ्यात, या खडकावर, या पावसात काय जगू शकते याची यादी आहे. ताम्हिणीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस आणि शिवाजीनगरला जेमतेम सव्वासातशे, या उतरंडीवर ही नदी घडली. धरणांच्या वरच्या ओढ्यांत या यादीतले काही मासे अजून आहेत. शहरातला एखादा पट्टा सुधारला तर ते खाली येतील का, याचे उत्तर फक्त पुन्हा पुन्हा केलेली मोजणीच देईल. आणि ती मोजणी तज्ज्ञांनीच करावी असे नाही. ‘जीवितनदी’चे कार्यकर्ते विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणी नदीचा एकेक पट्टा दत्तक घेऊन त्याच्याकडे नियमाने जातात. कोणत्याही शाळेला काठावरच्या झऱ्याची पातळी दर रविवारी लिहिता येते. सामान्य माणसाला आकडे कळत नाहीत, तो घाबरून जाईल, म्हणून ते आतच ठेवावेत, ही भूमिका मला मान्य नाही. शेअर बाजार, पाऊसपाणी आणि क्रिकेटचे आकडे रोज वाचणारा वाचक बीओडीही वाचेल. त्याला फक्त शेजारचा रकाना द्या.

पुढची पाने त्या पद्धतीने लावली आहेत. तक्ते खात्यांप्रमाणे नाहीत, ठिकाणांप्रमाणे आहेत: खडकवासला, विठ्ठलवाडी, दांडेकर पूल, संगम, बंडगार्डन, मुंढवा, आणि मुळा-मुठा भीमेला मिळते ते रांजणगाव सांडस. प्रत्येक ठिकाणी पाणी, खडक आणि जीव एका पानावर. नमुन्याची तारीख आहे, आणि मिळाली तिथे घड्याळातली वेळही. मोजलेला आकडा सरळ अक्षरात आणि हिशेबाने काढलेला तिरप्या अक्षरात छापला आहे, म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या नियमाने आलेला कोणता आणि प्रत्यक्ष गटारात उतरून मोजलेला कोणता, हे नजरेला वेगळे दिसेल. जिथे मोजमाप हाती आले नाही तिथे सरासरी भरलेली नाही, रकाना कोराच ठेवला आहे. दांडेकर पुलाच्या पानावर असे कोरे रकाने इतर पानांपेक्षा अधिक आहेत. माशांच्या यादीत काठावर म्हणतात ते नाव आधी आहे आणि शास्त्रीय नाव नंतर, आणि ज्या गावात एकाच माशाला दोन नावे आहेत तिथे दोन्ही.